जरीकाठी माफी

"...तरी माझ्या या कृत्यामुळे जर कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करतो."

एवढं वाचून हरी पैलवानानं कागदाची घडी घातली आणि मान वर केली. ग्रामपंचायतीच्या पटांगणात दोन-अडीचशे माणूस बसलं होतं. माईक कुईकुई करत होता. कुणी टाळी वाजवेना, कुणी उठेना. माफीला टाळ्या वाजवायच्या असतात का नाही, हे आमच्या गावात तोवर कुणी ठरवलेलंच नव्हतं.

माझ्या शेजारी कोंडाबाई बसली होती. तिला कमी ऐकू येतं आणि जे ऐकू येतं ते नको तेवढं येतं. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"ही भावना कुणाची गं, बायडाक्का?"

"कुठली भावना?"

"जिला दुखावलं म्हनतोय ती."

"मला न्हाई ठाऊक."

"मग तिला दवाखान्यात न्यायची सोडून हितं भाषण कशाला ठोकतोय?"

आमचे सरपंच बापूसाहेब टेबलामागनं उठले. त्यांच्या हातात दुसरा कागद तयार होता. खाली माझ्या सहीची जागा रिकामी ठेवलेली.

"आक्का, या आता पुढं. तुमचं समाधान झालं असं लिवलंय. सही केली की मिटलं."

मी पुढं गेले, पण टेबलाकडं नाही, माईककडं. लोकांना वाटलं, म्हातारी वाट चुकली.

"एक विचारती," मी म्हटलं. "ह्या कागदात माझ्या गुलछडीचं नाव कुठं आलं?"

"कोन गुलछडी?" बापूसाहेबांनी विचारलं.

"माझी गाढवी. ह्यानं आपटली ती. भावनाला न्हाई आपटलेलं, गुलछडीला आपटलंय."

मागं खसखस पिकली. हरीनं खाली बघितलं. सहा फूट उंच, मान घागरीएवढी, कान मोडलेले, वय बावीस. त्याच्यापुढं मी म्हणजे वाळत घातलेलं पोलकं. पण माईक माझ्या हातात होता.

"दुसरं. ते 'जर' कशाला घातलंय? जर दुखावलं असंल तर! दुखावलं का न्हाई तुला दिसलं न्हाई? मी परटीण हाय, पैलवान. जर मला कळती. जरीचं लुगडं भट्टीत घालता येत न्हाई, दगडावर आपटता येत न्हाई, नेसून काम करता येत न्हाई. नुसतं लग्नात मिरवायचं आणि घडी घालून ठेवायचं. तुझी माफीबी तसलीच हाय. जरीकाठी. काठाला 'जर' लावून आणलीयास."

आता मात्र पटांगण मोकळं हसलं. बापूसाहेब मिशीतल्या मिशीत हसले आणि लगेच गंभीर झाले.

"मग आक्का, तुमचं म्हननं काय?"

"गुलछडीम्होरं यायचं. तिच्या तोंडावर म्हनायचं. आणि तिचं पाय धरायचं."

मग मागच्या कट्ट्यावरनं कुणीतरी हळूच सुरू केलं, "अडला हरीऽऽ..."

आणि अडीचशे माणसांनी एका तोंडानं पुरं केलं, "गाढवाचे पाय धरीऽऽ!"

खरं सांगते, मला ती म्हण तोवर सुचलेलीसुद्धा नव्हती. पण पोराचं नाव हरी, आणि जनावर गाढव. म्हण पिढ्यान्‌पिढ्या जशी ह्याच दिवसाची वाट बघत बसली होती. हरीचे मोडलेले कान लालभडक झाले.

"आक्का," तो म्हणाला, "कुस्ती सोडीन, पण हे न्हाई करायचो."

"मग माझी सही न्हाई," मी म्हटलं आणि माईक कोंडाबाईच्या हातात देऊन खाली उतरले. तिनं माईकमधनं विचारलं, "पर त्या भावनाचं काय झालं?"

झालं होतं ते असं. हरीनं जिल्ह्याच्या मैदानात गदा जिंकली आणि गावानं त्याची मिरवणूक काढली. हलगी, गुलाल, खांद्यावर गदा. मिरवणूक वारणा नदीच्या घाटाकडं वळली तेव्हा माझी गुलछडी मळक्या कपड्यांची गाठोडी उतरवून नुकतीच मोकळी झाली होती. पोरांनी तिला बघितलं. एक ओरडला, "पैलवान, धोबीपछाड! धोब्याच्याच गाढवाला!" धोबीपछाड हा कुस्तीतला डाव. समोरच्याला पाठीवर घ्यायचं आणि आम्ही जसं कापड दगडावर आपटतो तसं आपटायचं. नाव आमच्या धंद्याचं, पण आम्हाला कुणी कधी विचारलं नाही. हरीनं गुलछडीच्या पोटाखाली मान घातली, तिला खांद्यावर उचलली आणि सगळ्यांसमोर धाडकन आपटली. तिचा पुढचा दात पडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि मोबाईलमध्ये ते सगळं घेतलं.

दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी शहरातल्यानं बघितलं आणि हसणं उलटं फिरलं. पेपरात आलं. कुस्तीच्या संघानं पत्र धाडलं: जाहीर माफी मागा आणि जनावराच्या मालकाचं समाधान झाल्याचं लेखी आणा, शुक्रवार संध्याकाळच्या आत. नाही आणलं तर राज्याच्या मैदानाच्या यादीतनं नाव बाद. म्हणजे ह्या पोराची सहा वर्षांची मेहनत माझ्या सहीवर अडकली. आणि मी दुसरीपर्यंतच शिकलेय, पण अंगठा देत नाही. सही करते. 'बायडाबाई' असं पुरतं लिहिते.

तो आठवडा माझ्या दाराला उसंत नव्हती. माझी सून शालन चुलीपाशी बसून मोबाईलमधनं लोकांचं काय काय वाचून दाखवायची.

"आत्या, एक म्हनतोय, 'गाढवाला न्याय मिळालाच पाहिजे.' अकराशे जनांनी अंगठा दिलाय."

"अंगठेबहाद्दर मेले. पुढं वाच."

"एक म्हनतोय, 'आम्ही पैलवानासोबत. एका गाढवासाठी एवढा अपमान?'"

"त्याला म्हनावं, ये इकडं. तुलाबी खांद्यावर घेऊ दे एकदा."

"हा म्हनतोय, 'दोघांपैकी गाढव कोण ते आधी जाहीर करा.' आणि ह्यानं त्याच्याखाली आपल्या रसवंतीचा पत्ता टाकलाय."

हॉटेलात तर निराळीच पंचाईत. भजी खाता खाता म्हणे एकानं सवाल काढला, "गाढवाची माफी मागायची, तर उद्या कोंबडी कापल्यावर खुराड्यात सुतकाची पिठलं-भाकरी न्हेऊन पोचवायची का?" त्यावर अर्धं गाव माझ्या बाजूचं आणि अर्धं कोंबडीच्या रश्श्याच्या बाजूचं झालं.

बुधवारी पुण्याहून दोघीजणी आल्या. प्राण्यांवर माया करणाऱ्या संस्थेतल्या. गाडीतनं पोतंभर गाजरं उतरवली आणि गुलछडीच्या गळ्यात हार घातला. गुलछडीनं आधी हार खाल्ला, गाजरं मागनं. त्यातल्या चश्मेवाल्या बाईनं मला हळू आवाजात विचारलं, "हिची मानसिक अवस्था कशी आहे?"

माझ्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. माझी मानसिक अवस्था कधी कुणी विचारली नव्हती.

"झकास हाय," मी म्हटलं. "तेवढी लंगडती."

"कधीपासून लंगडते?"

शालन मागं उभी होती. "तशी ती जरा..." असं तिनं सुरू केलं.

"पैलवानानं आपटली तेव्हापासनं!" मी म्हटलं. "तू च्या ठेव गं, पाहुण्या ताटकळल्यात."

त्या बायांनी लिहून घेतलं, फोटो काढले, जाताना माझा हात हातात धरून म्हणाल्या, "आजी, तुमच्यासारख्या माणसांमुळेच हे मुके जीव जगतात." मी तो शब्द न् शब्द संध्याकाळी नळावर तिघी-चौघींना ऐकवला. चौथीला दोनदा.

गुरुवारी हरीचे वस्ताद आले. म्हातारा माणूस, पण अजून खांबासारखा ताठ. नारळ आणि हिरवं लुगडं ताटात घालून आणलेलं.

"आक्का, पोराचा राग पोटात घाला. यंदा नाव बाद झालं तर परत उभं ऱ्हायाचं न्हाई ते. सहा वर्सं मी त्याला लाल मातीत मळलाय."

"मळलाय खरा, वस्ताद. धुतला न्हाई."

त्यांना हसू आलं, पण आवरलं. "पाय धर म्हनालात. आवो, त्याच्या नावावर म्हन चिकटंल ती. उद्या मैदानात उतरला की समदं मैदान म्हनंल, अडला हरी."

"मग नाव बदला. नारायण ठेवा."

"नारायणाचीबी तीच म्हन हाय, आक्का."

हे मला माहीत होतं. मी मुद्दाम म्हटलं होतं. लुगडं ताटासकट परत केलं. त्याला काठ जरीचा होता, हे वस्तादांना लक्षात आलं नव्हतं. मला आलं होतं.

ते गेल्यावर शालन जवळ आली. "आत्या, एक सांगू का? गुलछडीच्या उजव्या पायाला..."

"तू भाकरी बघ. करपल्याचा वास येतोय."

भाकरी करपली नव्हती. पण माझ्यासमोर सुनेनं "एक सांगू का" म्हटलं की मला कसलातरी वास येतोच.

शुक्रवारी उजाडताच मी घाटावर गेले. दसरा आठ दिवसांवर, घरोघरच्या वाकळा धुवायला पडलेल्या. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी. भिजली की दोन माणसांचं ओझं. गुलछडीला वर बाभळीखाली बांधली, पदर खोचला, आणि दगडावर पहिली वाकळ घेतली, तेवढ्यात पाण्यात सावली पडली.

"आक्का."

हरी. एकटाच. ना पोरं, ना हलगी.

"आलास? पाय धराय आलास न्हवं?"

"न्हाई."

"मग पाणी प्याया आलायस का?"

तो पायरीवर बसला. एवढा मोठा देह, पण बसला असा की जसं कुणी कोपऱ्यात बसवलेलं पोर. "दुसरं कायबी सांगा आक्का. कायबी करतो. तेवढं पाय धरायचं सोडून."

"कायबी?"

"कायबी."

मी ती भिजली वाकळ त्याच्या अंगावर टाकली. "घे. तुझा डाव हाय न्हवं, धोबीपछाड? दाखव."

त्यानं वाकळ खांद्यावर घेतली आणि दात-ओठ खाऊन अशी आपटली की पाणी माझ्या डोळ्यांत गेलं आणि टाका टर्रकन उसवला.

"फाडलीस! पाटलीणबाईची वाकळ हाय ती."

"जोर जास्त झाला."

"जोर न्हाई, राग जास्त झाला. हिकडं बघ." मी दुसरं टोक धरलं, डोक्यावरनं फिरवलं आणि दगडावर घेतलं. थप्प. "मनगाट मोकळं सोडायचं. दगडाला कापड लागलं पायजे, आपला राग लागता कामा न्हाई. आपटल्यालं कापड उठताना उजळ उठलं पायजे. फाटून उठलं तर ती पछाड न्हवं, नुसती आदळआपट. माझ्या आजेसासूपासनं ही पछाड चाललीय, हरी. आमी आजवर कुनाचं धुणं फाडलं न्हाई."

त्यानं परत घेतली. चौथ्या वेळी आवाज जरा बरा आला. सातव्या वेळी मी काही बोलले नाही. आठवी मारता मारता तोच बोलला, माझ्याकडं न बघता.

"तिला उचलली तवाच मला कळलं हुतं."

"काय?"

"घाबरलीया ते. तिचं काळीज माझ्या मानंवर धडधडत हुतं. वाटलं, खाली ठिवावी. पण पोरं मोबाईल धरून हुबी हुती. अलगद ठिवली असती तर हसली असती."

मी वाकळ पिळायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. हे जर त्यानं पटांगणात वाचलं असतं, तर मी तिथंच सही केली असती. पण तसं बोलून दाखवीन तर मी बायडाबाई कसली.

"पीळ नीट," मी म्हटलं. "पाणी ऱ्हातंय."

दहा वाकळा झाल्या. हरी वर वाळत घालायला गेला, आणि बाभळीपाशी थबकला. गुलछडी दोन पावलं चालली, लंगडली, थांबली. तो तिच्याकडं बघत राहिला. पैलवानाची नजर निराळी असते. माणूस कुठल्या पायावर भार टाकतो, कुठला चोरतो, हे त्यांना आधी दिसतं.

"आक्का, मी तिला आपटली ती डाव्या अंगावर. दातबी डाव्या बाजूचाच पडला. मग ही उजवा पाय का चोरती?"

"मला काय इचारतोस? तिला इचार."

तो खरंच तिच्यापाशी गेला. आधी लांब उभा राहिला, हात पुढं करून. तिनं कान मागं टाकले, मग हुंगलं, मग गप्प झाली. आणि मग तो गुडघ्यावर बसला, तिचा उजवा पुढचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला.

हरीनं गाढवाचे पाय धरले!

म्हण माझ्या जिभेवर आली होती. नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. घाटावर त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं ह्याचंच मला वाईट वाटलं.

"आक्का," तो म्हणाला, "जरा या. हे माझ्या आपटण्याचं न्हाई."

मी गेले.

"ही दोरी कवापासनं हाय?"

दोरी. दोन वर्षांमागं अंबाडीची दोरी कुजली म्हणून मी निळी नायलॉनची आणली होती. फास पायात कायमचा घातला आणि हातभर टोक मोकळं सोडलं. संध्याकाळी ते टोक मेखेत अडकवलं की झालं. पायापर्यंत वाकायला नको. मला वाकायला आवडत नाही. टोक रोज हातात यायचं. टोकाच्या पलीकडं काय आहे, ते दोन वर्षांत मी बघितलं नव्हतं. चिखल आणि केस बाजूला करून हरीनं दाखवलं. फास दिसतच नव्हता. वरनं कातडं आलं होतं. दोरी मांसात रुतून बसली होती.

घाटावर पाण्याचा आवाज फार असतो, पण त्या घडीला मला तो ऐकू आला नाही. 'तुमच्यासारख्या माणसांमुळेच हे मुके जीव जगतात', हे मात्र चश्म्यासकट ऐकू आलं. आणि शालन. 'तशी ती जरा.' 'एक सांगू का.' 'उजव्या पायाला.'

हरीनं खिशातनं मोबाईल काढला. एक फोटो, आणि ह्याचं सगळं पाप धुऊन माझ्या दारात. अकराशे अंगठे माझ्या नावानं.

पण मान खाली घालणं मला जमलं नाही. "काढ," मी म्हटलं. "काढ फोटो. तुझं भलं हुईल."

त्यानं मोबाईल पायरीवर ठेवला. "भिजंल म्हनून काढला, आक्का. आणि फोटो काढला तर तुमाला माफी मागाय लागंल. कागद माझाच न्ह्याल, मला ठाऊक हाय. मग भावना दोनदा दुखावायची."

मला हसू आलं आणि डोळ्यांतनं पाणीपण. मी डोळ्यांचं पाणी वाकळेवर ढकललं.

कापडांना खुणेचा दोरा बांधतो, तो कापायची माझी छोटी कात्री कमरेला असते. पण कात्री चालवायची तर खाली बसावं लागणार. मी बसले. चिखलात, दोन्ही गुडघ्यांवर, गाढवाच्या पायाशी. हरीनं पाय धरला, मी कात्री चालवली. हळूहळू, एकेक पदर. गुलछडी थरथरत होती. हरी तिला चुचकारत होता, "झालं, झालं, माझी बाय ती." शेवटचा पदर निघाला तेव्हा जे दिसलं ते मी इथं लिहीत नाही.

घमेल्यातनं पाणी ओतता ओतता माझ्या तोंडातनं आपोआप गेलं, "चुकलं गं बाई माझं."

पायाच्या पलीकडनं हरी म्हणाला, "माझंबी चुकलं."

जर नाही, तर नाही, दिलगिरी नाही. गुलछडीनं दोघांचं ऐकून घेतलं. पाय हळूच खाली टेकवला, भार टाकून बघितला. आणि मग फिरून एक लाथ हरीच्या मांडीवर दिली, दुसरी माझ्या घमेल्यावर. घमेलं पार वारणेत. घमेल्यामागं माझा तोल गेला तो निराळाच.

"मंजूर न्हाई दिसत तिला," मांडी चोळत हरी म्हणाला.

"नसंना का," मी म्हटलं. "तिची सही कुठं लागती?"

संध्याकाळी पटांगण परत भरलं. ह्या खेपेला हॉटेलवाल्यानं भजी तिथंच आणून तळायला घेतली होती. ग्रामसेवक भाऊसाहेब नवा कोरा कागद घेऊन बसले. हरी एका बाजूला उभा, मांडीला लाथेचा डाग. मी टेबलापाशी गेले.

"बोला आक्का," बापूसाहेब म्हणाले. "धरलं का पाय?"

सगळं पटांगण पुढं झुकलं. कट्ट्यावरचा तो म्हणवाला तोंड उघडून तयारच होता. हरी माझ्याकडं बघत होता. मी 'हो' म्हणाले तर ती म्हण जन्मभर त्याच्या नावाला चिकटणार. 'नाही' म्हणाले तर नाव बाद. आणि कसे धरले, कशासाठी धरले असं कुणी विचारलं, तर दोरी माझ्या गळ्यात.

"लिवा, भाऊसाहेब," मी म्हटलं. "गुलछडी नावाच्या गाढवीची माफी मागन्यात आली आहे."

भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. "वा आक्का! अगदी सरकारी मराठी!"

"आवो, पण मागन्यात आली म्हंजे मागितली कुनी?" बापूसाहेब म्हणाले. "ते नको का लिवायला?"

"तुमच्या कागदात कधी कुनी असतंय का, बापूसाहेब? रस्ता करन्यात आला. गटार बांधन्यात आलं. कुनी केलं, कुठं केलं, आमी कधी इचारलं?"

पटांगणात अशी काही शांतता पसरली की कढईतली भजी ऐकू आली. बापूसाहेबांना खोकला आला. खोकत खोकतच त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

मी सही केली. पुरती. बायडाबाई.

त्या दिवशी कुणाचं समाधान झालं नाही. कट्ट्यावाल्यांची म्हण वाया गेली. पुण्याच्या बायांनी फोन करून सांगितलं की त्यांना आजीकडनं जास्त अपेक्षा होती. नळावर बाया एकमेकींत बोलायच्या, "बायडाक्का लुगड्यावर इकली गेली." मी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. तोंड मिटायची सवय नसल्यानं दाढा दुखायच्या.

हरी राज्याच्या मैदानात गेला आणि दुसऱ्याच फेरीत पडला. कशानं, ते त्यानं मला येऊन स्वतः सांगितलं. धोबीपछाडीनं. "मनगाट मोकळं हुतं त्याचं," म्हणाला. "लागलं न्हाई." दिवाळीपर्यंत तो दर सोमवारी हळद आणि तेल घेऊन यायचा आणि गुलछडीचा पाय धरायचा. लोकांना आम्ही सांगितलं, वाकळा द्यायला येतो. आज तो आपली तालीम चालवतो. गुलछडी त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि नऊ वर्षं दोघांनाही लाथा मारत राहिली. जखम भरली तरी तिची सवय मोडली नाही.

सही करून घरी आले त्या संध्याकाळी शालन चुलीपाशी होती. चुलीत निळं काहीतरी जळत होतं, घाण वास येत होता. मीच पटांगणात जायच्या आधी तिथं टाकलं होतं.

"दोरी काडली जनू," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

"व्हय."

"बरं झालं," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी उलटली. दोन वर्षं सांगत होते, असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते आणि फिटलं असतं. ती म्हणाली नाही. मी उठले, चहा केला आणि पहिला कप तिच्यापुढं सरकवला. एवढंच मला जमलं. चहाला काही माफी म्हणत नाहीत.

त्याला बारा वर्षं झाली. गाढवीची मागून झाली, ही राहिली. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय, पण मला जोडाक्षरं जमत नाहीत. ती शालन तपासून देणार आहे. म्हणजे वरपासनं खालपर्यंत ती वाचणार. म्हणून शेवटी लिहिते, चुकलं माझं.

ह्यात एकही जोडाक्षर नाही. तपासायला काही लागू नये.